परिवहन मंत्री साहेब, ट्रेलर लांब करा, पण आधी वळायला शिकवा

मा. परिवहन मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

समृद्धीवरून नागपूर ते भिवंडी २५.२५ मीटर लांबीची रोड ट्रेन सुरू झाली, केंद्रीय मंत्री गडकरी साहेबांनी स्वतः हिरवा झेंडा दाखवला, आणि आमच्या नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. एक घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन-केबिन), त्याच्या मागे एक कंटेनर आणि त्याच्याही मागे पूर्ण लांबीचा ट्रेलर. दोन लालपऱ्या एकामागे एक चिकटवून उभ्या केल्या ना, तरी ही गाडी थोडी पुढे निघेल. व्हिडिओ बघून पोरं खुश होती, मीपण होतो, खोटं कशाला बोलू. माल जास्त, फेऱ्या कमी, डिझेल कमी, गणित बरोबरच आहे. माझा विरोध नाहीये हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहिणारच की याला प्रगती नको.

मी आधी स्वतः ट्रेलर चालवायचो, आता आमच्या छोट्या ट्रान्सपोर्टमध्ये नवीन ड्रायव्हर गाडीवर बसवायच्या आधी त्याला तयार करायचं काम बघतो. त्यामुळे माझी काळजी समृद्धीची नाही. समृद्धी सरळ आहे, कंट्रोल्ड आहे, मधे कोणी म्हैस घेऊन येत नाही (सहसा). काळजी आहे ती इंटरचेंज उतरल्यानंतरची. आज रोड ट्रेन ठरलेल्या रूटवरच चालणार हे मला माहितीये, पण आज ४० फुटी कंटेनर जिथं जिथं घुसतो तिथंसुद्धा एके काळी दहा टायरचा ट्रकच जायचा. लांबी हळूहळू आत येते साहेब, आणि रस्ता तेवढाच राहतो.

आता मुद्द्याचं. ट्रेलर डावीकडे कसा वळतो हे शंभरातल्या नव्वद टू-व्हीलरवाल्यांना माहीत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्स्लो पॉइंटला शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊन उभे राहा. ट्रेलरला डावीकडे कंपनीच्या रोडला वळायचंय, तर ड्रायव्हर आधी गाडी उजवीकडे काढतो. काढावीच लागते, कारण घोडा वळला तरी मागची चाकं घोड्याच्या मागोमाग येत नाहीत, ती आतून, कोपरा कापत येतात, आणि ट्रेलर जितका लांब तितका कोपरा जास्त कापला जातो. मागून येणारा बाइकवाला काय बघतो, तर गाडी उजवीकडे गेली, डावीकडे मस्त जागा झाली, चला. इंडिकेटर डावा चालू असतो पण तो घोड्यावरचा त्याला दिसत नाही आणि ट्रेलरच्या मागचा चिखलाने भरलेला. तो आत शिरतो. तेवढ्यात ती जागा बंद व्हायला लागते. आणि ड्रायव्हरला क्लीनर साइडच्या, म्हणजे डाव्या आरशात त्या वेळी फक्त स्वतःच्या ट्रेलरची भिंत दिसत असते, कारण घोडा वळलाय आणि आरसा घोड्याबरोबर वळलाय. क्लीनर असेल तर तो ओरडेल, पण आजकाल भाडं परवडत नाही म्हणून अर्ध्या गाड्यांवर क्लीनरच नसतो!

दुसरी गोष्ट शेपटीची. ट्रेलरच्या मागच्या चाकांच्या पाठीमागे जेवढा भाग लोंबता असतो तो वळताना उलट्या बाजूला झाडू मारल्यासारखा फिरतो. डावीकडे वळलात तर शेपटी उजवीकडे बाहेर. कार कॅरिअरचा हा भाग चांगला लांब असतो आणि आपल्या नाशकातून नव्या गाड्या भरून कॅरिअर रोज निघतात. शेजारच्या लेनमध्ये रिक्षा उभी असेल तर तिच्या हुडाला कसला धक्का लागला ते रिक्षावाल्याला आणि ट्रेलरवाल्याला, दोघांनाही कळत नाही. मग भांडण, मग गर्दी, मग जो मोठ्या गाडीत बसलाय तो दोषी.

ब्रिटनमध्ये याच विषयावर काय केलं ते सांगतो. त्यांचा साधा ट्रेलर १३.६ मीटरचा, तो १५.६५ पर्यंत वाढवायचा होता, म्हणजे २.०५ मीटर. त्यासाठी त्यांनी २०१२ ला ट्रायल सुरू केली आणि सगळ्यांसाठी परवानगी दिली ३१ मे २०२३ ला. अकरा वर्षं, साहेब, दोन मीटरसाठी. वजन ४४ टनच ठेवलं, वाढवलं नाही. तिथंही शेपटीचा प्रश्न आलाच, कारण कोपरा कमी कापावा म्हणून बऱ्याच लांब ट्रेलरला मागचा ॲक्सल वळणारा दिला, तर त्याने आतलं कापणं कमी होतं पण शेपटी जास्त बाहेर येते. म्हणून आता मालकावर बंधन आहे, गाडी कोणत्या रस्त्याने जाणार तो रूट आधी तपासायचा, धोका लिहून काढायचा, ड्रायव्हरला या ट्रेलरचं वेगळं ट्रेनिंग द्यायचं आणि त्याचं रेकॉर्ड ठेवायचं. आपण त्यांच्यासारखे अकरा वर्षं थांबा असं मी म्हणत नाही, आपल्याला तेवढा धीर नाही आणि कदाचित गरजही नाही. पण रूट आणि ट्रेनिंग ह्या दोन गोष्टी तर उचला.

आपल्याकडे काय आहे? १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले मध्यम, जड असे वेगवेगळे मालवाहू वर्ग गेले आणि 'ट्रान्सपोर्ट व्हेईकल' असा एकच खाना राहिला. २०१८ ला ॲक्सलचं वजन वाढवलं, ट्रेलरचं एकूण वजन ५५ टनांपर्यंत गेलं. वजन वाढलं, लांबी वाढतेय, लायसन्सचा खाना तोच. माझ्याकडे पोरं येतात, लायसन्स पक्कं, कागद एकदम क्लीन, आणि ट्रेलर रिव्हर्स लाव म्हटलं की घाम फुटतो, कारण टेस्ट दिलेली असते सरळ ट्रकवर. ट्रकला जिकडे स्टिअरिंग तिकडे गाडीचं बूड, ट्रेलरला उलटं, मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे तर ट्रेलर डावीकडे. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ पोरगं सध्या लोकांच्या गेटवर, लोकांच्या भिंतीवर खर्च करतं.

तसंच जोडणीचं. घोडा ट्रेलरखाली घातला, 'खट' आवाज आला, झालं, निघाले! आवाजावर काही नसतं हो. खाली वाकून बॅटरी मारून बघायचं की किंगपिनभोवती (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) घोड्याचा जबडा खरंच बंद झालाय का, मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि घोडा हलकेच पुढे ओढून बघायचा, सुटत नाही ना. मग हवेचे पाइप, लाइटची केबल, ट्रेलरचे पाय वर घेतले का, कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक फिरवले का. पाच मिनिटांचं काम. हे कुठल्याच टेस्टमध्ये विचारलं गेल्याचं माझ्याकडच्या एकाही पोराने मला अजून सांगितलेलं नाही.

घाटाबद्दल तर बोलूच नका. कसारा, चांदवडजवळचा राहुड, सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी, नाशिकमधून कुठंही निघा, घाट आहेच. उतार लागायच्या आधी खालचा गिअर पाहिजे, उतारावर गाडी धावायला लागल्यावर गिअर शोधायचा नसतो आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही. एवढं तरी जुन्या ड्रायव्हरकडून कानावर येतं. पण पावसात रिकामा ट्रेलर घेऊन उतरताना एग्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा) जोरात ओढला तर ब्रेक फक्त घोड्याच्या चाकांना लागतो, मागून ट्रेलर ढकलतो आणि गाडी कात्रीसारखी मिटते, हे किती जणांना माहितीये? रिकामी गाडी म्हणजे निवांत असं सगळे समजतात, उलट ओल्या रस्त्यावर तीच जास्त नखरे करते.

आता द्राक्षाच्या सीझनकडे या, कारण नाशिकचा ट्रेलर म्हणजे नुसती फॅक्टरी नाही. जानेवारी ते एप्रिल रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर न्हावा शेवाहून रिकामे येतात आणि दिंडोरी, मोहाडी, जानोरी, खेडगाव, पिंपळगाव या पट्ट्यात पॅकहाऊसला लागतात. म्हणजे ४० फुटांची गाडी, वर उंच कंटेनर, आणि रस्ता गावातला. एका बाजूला गटार, एका बाजूला ट्रान्सफॉर्मर, वर लोंबलेल्या वायरी, वळणावर मारुतीचं मंदिर नाहीतर झेडपीची शाळा. पॅकहाऊसवाल्याने लोकेशन पाठवलेलं असतं आणि मोबाइलचा मॅप कारसाठी रस्ता दाखवतो, त्याला काय माहीत मागे काय जोडलंय. गाडी वळणावर अडकली की मागे ट्रॅक्टरची लाइन, शेतकरी शिव्या देतो, माल थंड ठेवायचाय, पोर्टचा कट ऑफ (माल आत घ्यायची शेवटची वेळ) जवळ येतोय, एजंटचा फोन चालूच. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ चा होता (२०२५ ला त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), दिवसाला आठ तास म्हणायचा. सीझनमध्ये आठ तास तर नुसते लोडिंगच्या आणि पोर्टच्या लाइनीत जातात, मग ड्रायव्हर रात्री घाट उतरतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी झाली ते चांगलंच झालं, पण एसीमध्ये झोप आणखी छान लागते.

चौकांचं एक छोटं गणित मांडतो. २५ मीटरची गाडी २० मीटरचा रस्ता आडवा ओलांडायला ४५ मीटर चालते. ताशी १० च्या स्पीडने त्याला १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ८० ने येणारी बस साडेतीनशे मीटर पुढे आलेली असते, आणि रात्री ट्रेलरची बाजू म्हणजे काळी भिंत. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडला नांदूर नाक्याजवळ खाजगी बस आणि ट्रेलरची धडक होऊन बस पेटली, बारा जण गेले. चूक कोणाची त्यात मी पडत नाही, ते कोर्टाचं काम. पण बाजूला रिफ्लेक्टर टेप धुतलेली, चमकणारी असणं आणि अशा चौकात लांब गाडीला पुरेल एवढ्या वेळाचा सिग्नल रात्रीही चालू असणं ह्यासाठी कोर्टाची वाट बघायची गरज नाही. जानेवारी २०२५ ला नाशिकच्याच द्वारका चौकाच्या उड्डाणपुलावर टेम्पो सळयांच्या गाडीवर आदळला, कोवळी पोरं गेली. गाडीबाहेर सळया काढायला २०१४ पासून बंदी आहे. बंदी कागदावर आणि सळया रस्त्यावर.

आणि हो, लांब गाडीचा नियम करताना उसाच्या सीझनचे ट्रॅक्टर विसरू नका. दोन-दोन ट्रॉल्या, ब्रेक नाही, मागे लाइट नाही, निफाडपासून नगरपर्यंत रात्रभर चालू. आपली रोड ट्रेन नागपूरच्या आधीपासून आहे साहेब, फक्त तिला कोणी झेंडा दाखवत नाही.

मागणी फार मोठी नाही. ट्रेलरसाठी लायसन्सवर वेगळी नोंद करा आणि तिची टेस्ट ट्रेलर जोडूनच घ्या, जोडणी, रिव्हर्स, डावं वळण, शेपटी, सगळं. कायदा केंद्राचा आहे हे माहितीये, पण राज्याने प्रस्ताव पाठवायला आणि तोपर्यंत आरटीओमार्फत मोफत शिबिरं घ्यायला कोणी अडवलेलं नाही. जागा आडगावला मिळेल, गाडी आम्ही देतो, डिझेलचं बघू. दुसरं, हायवे ते एमआयडीसी गेट आणि हायवे ते पॅकहाऊस हे शेवटचे दहा किलोमीटर एकदा ट्रेलर चालवणाऱ्याला सोबत घेऊन तपासा आणि कुठून ४० फुटी जाईल, कुठून नाही, त्याचे बोर्ड लावा. इंजिनिअर साहेब बोलेरोतून बघतात, बोलेरो सगळीकडेच वळते. तिसरं, नाशिक फर्स्ट या संस्थेच्या ट्रॅफिक पार्कमध्ये शाळेची मुलं येतात, तिथं एक जुना घोडा आणि ट्रेलर उभा करून द्या, मुलांना सीटवर बसवा आणि खाली सायकल कुठं उभी केली की दिसत नाही ते दाखवा. घरी जाऊन बापाला तीच सांगतील.

जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या कलमावरून चालकांनी स्टिअरिंग सोडलं, मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे टँकर उभे राहिले, तेव्हा सगळ्यांना आठवण झाली की गाडी कोणीतरी चालवतं. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहायला जेवढी घाई झाली तेवढी शिकवायला कधी झाली नाही, एवढीच तक्रार आहे.

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या पर्वण्यांना शहरातून जड वाहनं वळवणारच. ती कुठून वळवणार ते आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळवू नका. वळणं मोजून, दोन महिने आधी, मराठी आणि हिंदीत नकाशा काढा आणि टोलनाके, पोर्ट, एमआयडीसी सगळीकडे लावा, कारण येणारा अर्धा ड्रायव्हर राजस्थान-यूपीचा असतो आणि त्याला द्वारका म्हटलं की गुजरात आठवतं.

आपला,
आडगावचा एक ट्रेलरवाला
नाशिक