हरणाऱ्या बाजूचं मत

लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय मंजू,

तुझं पत्र पोचलं. "इंदुरात निकाल आधीच ठरलेला असतो, मग तू उन्हात रांगेत कशाला उभी राहतेस?" हे तुझं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल ठरलेला असतो, कबूल. १९८९ पासून लोकसभेची ही जागा भाजपकडे आहे. सुमित्राताई महाजन सलग आठ वेळा निवडून आल्या. आपल्या मराठी समाजातली बाई लोकसभेची अध्यक्ष झाली, याचा मलाही आनंद झाला होता. २०२३ ला तर जिल्ह्यातल्या विधानसभेच्या नऊच्या नऊ जागा भाजपच्याच. माझ्या सासरी, भिशीत, गणपतीच्या मांडवात सगळे एकाच मताचे. मला कुणी वाईट बोलत नाही गं, पण माझंही मत तेच असणार असं धरून बोलतात. दरवेळी खोडून काढायचं म्हणजे सणासुदीचा विरस, आणि गप्प बसलं की होकार समजतात. गप्प न बसता बोलता येईल अशी मला एकच जागा आहे, ती मतदानयंत्रापुढची.

२०२४ ला तीही जाते की काय असं झालं. २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. काँग्रेसनं सांगितलं, नोटा दाबा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण. नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो, हे मला ठाऊक होतं. तरी १३ मेला गेले आणि शेवटचं बटण दाबलं. निकालात विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मतं, दुसऱ्या क्रमांकाच्या बसपाला ५१,६५९ आणि नोटाला २,१८,६७४. देशात तोवर कुठल्याच मतदारसंघात नोटाला एवढी मतं पडली नव्हती. मंजू, याच गावात, याच गल्ल्यांत माझ्यासारखी दोन लाखांवर माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. घरी बसले असते तर माझी गणना आळशांत झाली असती.

आता तुझ्या अण्णांची गोष्ट घे. अण्णा जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे. १९६२ मध्ये इंदूरनं गिरणी कामगारांच्या होमी दाजींना दिल्लीला पाठवलं, पुढे काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी येत राहिले. १९७७ सोडलं तर अण्णांच्या वाट्याला लोकसभेत हारच आली. तरी प्रत्येक निवडणुकीला ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच मत देऊन यायचे. १९८९ ला सेठी ताईंकडून हरले, तेव्हा अण्णांनी वाड्यात पेढे वाटले. त्यांच्यासारख्यांनी मधली वर्षं मत देणं सोडलं असतं, तर पक्षाला इथे उमेदवार उभा करायची तरी उमेद राहिली असती का?

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते. मतं बूथनिहाय मोजून जाहीर होतात. एका बूथवर जेमतेम हजारभर मतदार, त्यात आमची बाजू मूठभर. कोण कोण असेल याचा अंदाज कार्यकर्त्यांना सहज येतो. अनेक बूथांची मतं एकत्र मिसळून मोजणारं टोटलायझर यंत्र आणावं, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्येच सुचवलं होतं, विधी आयोगानंही २०१५ मध्ये तेच म्हटलं. अजून आलेलं नाही. आपण थोडे असलो की गुप्त मतदानाची खरी किंमत कळते. पण आमच्या बूथवरचा तोच छोटा आकडा पाहून मला धीरही येतो, म्हणून यंत्र यावं की न यावं यावर माझं मन अजून ठरत नाही. तुला काय वाटतं ते कळव.

आणि तुझ्या लेकीला अठरा पूर्ण झाली ना? तिचं नाव यादीत आलं का? नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भरायला लाव. पुण्यात तिची बाजू जिंकणारी असो नाहीतर हरणारी.

तुझी,
शुभा