केक माझ्या नातीचा नव्हता: बेकिंग वर्गाची फी परत करण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(बेकिंग वर्ग विभाग), वडोदरा

विषय: मुलांनी केलेल्या केकऐवजी तयार केक परस्पर दिल्याबद्दल तक्रार व फीपरतीची मागणी.

महोदय/महोदया,

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या अलकापुरीच्या केंद्रावर आजी-आजोबा आणि नातवंडांसाठी बेकिंगचा वर्ग झाला. त्यात मी आणि माझी सहा वर्षांची नात अशी आमची जोडी होती. जोडीची फी २,४०० रुपये. शिवाय तिथे पोहोचल्यावर ‘डेकोरेशन किट’चे म्हणून ३५० रुपये घेतले, जरी जाहिरातीत ‘सर्व साहित्यासह’ असे छापलेले होते. त्याच जाहिरातीत ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ‘मूल स्वतः बेक करेल आणि स्वतःचा केक घरी नेईल.’ माझी तक्रार मुख्यतः या ओळीबद्दल आहे. ३५० रुपयांचे नंतर बघू.

वर्गात नातीने भांड्यातल्या पिठात टुटीफ्रुटी घातली. वाटीतल्या सगळ्या रंगांतून तिने फक्त लाल तुकडे वेचून घेतले, त्यात बराच वेळ गेला आणि आपल्या शिकवणाऱ्या बेननी ‘चालो बेटा, जल्दी’ असे दोनदा म्हटलेही. वर्ग संपताना प्रत्येक मुलाच्या हातात चिकटपट्टीने बंद केलेला खोका दिला गेला. त्यावर ‘हा केक मी केला’ असे स्टिकर. दांडिया बाजारला घरी आल्यावर खोका उघडला, केक कापला, तर आत टुटीफ्रुटीचा एक तुकडा नाही. वर क्रीम, आत एकसारखा पिवळट स्पंज, कडा पट्टी लावून कापल्यासारख्या. नात म्हणाली, “आजोबा, हा माझा नाहीये.” तिची आई समजूत घालायला गेली की ओव्हनमध्ये विरघळली असेल. टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई. ती ओव्हनमध्ये विरघळत नाही, आणि नातीलाही ते पटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर फोन केला. पलीकडच्या मुलीने अगदी सहज सांगितले की त्या दिवशी ओव्हनला उशीर होत होता, म्हणून सगळ्यांनाच ‘आपल्याकडचे बेस’ देऊन टाकले, आणि “अंकल, मुलांना कुठे कळतं?” तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिचे आभारच मानायचे आहेत. पण म्हणजे ही चूक किंवा अदलाबदल नव्हती. खोक्यावरचे स्टिकर खोटे आहे हे ते चिकटवणाऱ्याला माहीत होते.

ओव्हनला उशीर का झाला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जोड्या बारा. ओटीजी, म्हणजे टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन, एकच; त्यात एका वेळी दोन टिन मावत होते. १८० अंशांवर सहा इंची स्पंज भाजायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे सहा फेऱ्या आणि तीन तास. तुमचा वर्ग दोन तासांचा. हा हिशेब तिसरीतले मूल करू शकेल. तो बाराव्या जोडीची फी घेण्याआधी करायचा होता. त्यातही पहिले टिन ओव्हन तापायच्या आधीच आत गेले. मग झाले का, झाले का म्हणून दार सारखे उघडले जात होते. मधला भाग धरायच्या आत गार हवा लागली की केक बसतो. आणि बाकीच्या मुलांचे पीठ टेबलावर तासभर ताटकळत राहिले. बेकिंग पावडरचा काही भाग ओल लागताच कामाला लागतो, उरलेला उष्णता मिळाल्यावर. पीठ वाट बघत बसले की पहिल्या भागाचा वायू तसाच निघून जातो. अशा पिठाचा केक चपटा झाला असता, हे मला मान्य आहे. आम्ही तो चपटा, मधे खचलेला केक घरी नेला असता आणि चहाबरोबर खाल्ला असता. तुम्हाला मात्र खोक्यात देखणा केक हवा होता, कारण दारात फोटो काढायचे होते.

बेनबद्दल माझी तक्रार नाही. एकटी बाई, बारा मुले, त्यात आमच्यासारखी म्हातारी माणसे प्रश्न विचारणारी. मला तर “दादा, तमे बेसो ने” म्हणून खुर्चीच दिली होती. मदतनीस देणे ही कंपनीची जबाबदारी आहे.

आता शिकवण्याबद्दल. मी आयुष्यभर एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले. दिवाळीत रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून रावपुऱ्याकडच्या भट्टीवर नानकटाईचे पत्रे भाजून आणणारे आमचे घर. भाजतात कसे हे लहानपणापासून पाहिले, पण आत काय घडते ते कधी नीट समजून घेतले नव्हते. ते नातीबरोबर शिकावे म्हणून मी नाव नोंदवले. वर्गात काय शिकवले? कात्रीने पाकीट कापायला. मैदा, साखर, दूध पावडर, बेकिंग पावडर सगळे आधीच मिसळलेले. पाणी आणि तेल घाला, ढवळा, ओता. हाती दिलेल्या कृतीच्या कागदावरही पहिली ओळ तुमच्या प्रीमिक्सच्या पाकिटाची आणि शेवटची ते कुठे विकत मिळेल याची. नातीने विचारले, केक फुगतो कसा? उत्तर मिळाले, ‘मॅजिक पावडरने.’ एका वाटीत चमचाभर दही घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला असता, तर दह्यातले आम्ल आणि सोडा भेटल्यावर येणारा फेस पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. खर्च दोन रुपये. पण मग दारातल्या टेबलावर मांडलेली पाकिटे कोणी घेतली नसती, हेही खरे.

टेबलावर तीन आकारांचे कप होते आणि बेन म्हणत होत्या ‘एक कप पाणी’. कोणता? साधा डिजिटल वजनकाटा ठेवला असता तर सहा वर्षांचे मूल ‘एकशे वीस’ आकडा येईपर्यंत श्वास रोखून मैदा घालते. आमच्या घरी तिने ते केलेले आहे. चाळणी धरणे, टिनला बटर पेपर बसवणे, लोणी-साखर फेसणे ही सगळी मुलांची कामे आहेत. दिवाळीत करंजीला कातण फिरवणाऱ्या मुलीला तुम्ही फक्त वरून रंगीत गोळ्या शिंपडायला दिल्या. त्या गोळ्यांच्या सुट्या पुड्यांवर घटकांची यादी नव्हती, हिरवा ठिपकाही नव्हता. ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून आलेल्या एका आजींनी विचारले तर कोणालाच उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट गंभीर आहे, म्हणून वेगळी लिहितो. मुले चमच्याला लागलेले कच्चे पीठ चाटत होती आणि त्यांना ‘एगलेस छे, वांधो नहीं’ म्हणून मोकळीक दिली गेली. अंडे नसले तरी कच्चा मैदा खाण्यासाठी तयार पदार्थ नसतो. त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. लहान मुलांचा वर्ग चालवणाऱ्यांना एवढे माहीत असायला हवे. ओटीजी मुलांच्या छातीच्या उंचीवर होता, वायर टेबलावरून लोंबत होती. कोणाला चटका बसला नाही हे नशीब.

याआधी लेखी तक्रार केल्यावर मला आपल्याकडून पुढच्या फाँडंट (केकवर लावायचे साखरेचे मऊ आवरण) कार्यशाळेवर २० टक्के सवलतीचे कुपन आले. ते मी वापरणार नाही.

जाहिरातीत एक सांगून प्रत्यक्षात दुसरे देणे ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे आणि सेवेतील त्रुटीही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या दोन्हींची दखल घेतो. पावतीखाली बारीक अक्षरांत ‘फी परत मिळणार नाही’ असे छापले आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. माझी मागणी साधी आहे. २,४०० आणि ३५० असे २,७५० रुपये परत करावेत. त्या बॅचमधल्या बाकीच्या अकरा घरांनाही खरे काय ते कळवावे, कारण त्यांतल्या काहींना अजून माहीत नसेल. पुढची बॅच घेताना ओव्हनमध्ये मावतील तेवढीच मुले घ्यावीत, नाहीतर ‘केक सजावट वर्ग’ असे नाव द्यावे आणि फी त्याप्रमाणे ठेवावी. सजावट शिकवण्यात कमीपणा नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो. फोनवर बोलणे नको. जे काय असेल ते ईमेलने कळवावे.

पावतीची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कापलेल्या केकचा आणि स्टिकर लावलेल्या खोक्याचा फोटो सोबत जोडला आहे. माझे नाव व पत्ता पावतीवर आहेच.

आपला,
एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा