ते घर आयलीन ग्रेचं आहे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या 'ई-1027' व्हिलावर लेख आला, मराठीत या विषयावर वाचायला मिळालं म्हणून छान वाटलं, पण निम्मा लेख प्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएने रंगवलेल्या भिंतींवर आणि जिने घर उभं केलं त्या आयलीन ग्रेला जेमतेम दोन ओळी, हे काही पटलं नाही.

रोकब्रून-काप-मार्तँ इथे समुद्रालगतच्या खडकाळ उतारावर 1926 ते 1929 मध्ये हे घर झालं, ग्रेचा मित्र आणि आर्किटेक्चरच्या मासिकाचा संपादक जाँ बादोविची याला उन्हाळ्यात येऊन राहता यावं म्हणून. ग्रे मूळची आयर्लंडची, नाव झालं ते लॅकरकामात (लाकडावर चकचकीत लेपाचे थर चढवण्याच्या कलेत) आणि फर्निचरमध्ये, आर्किटेक्चरचं रीतसर शिक्षण नाही, वय पन्नाशीच्या घरात आणि हे तिचं पहिलंच घर!

आणि काम किती बारकाईचं. ऊन कधी कुठून येतं, वारा कुठला, हे बघून खोल्या मांडल्यात. समुद्राकडच्या खिडक्या घडी होऊन बाजूला सरकतात की हॉल आणि बाल्कनी एकच होऊन जातं, कठड्याला जहाजाच्या शिडाचं कापड लावलंय. पलंगाजवळचं ते प्रसिद्ध गोल काचेचं टेबल घ्या, स्टीलच्या पाइपचं, उंची कमी-जास्त होते आणि पाया पलंगाखाली सरकतो, म्हणजे अंथरुणात बसूनच नाश्ता करता येतो. घरात माणूस कसा वावरतो, कुठे टेकतो, याचा इतका विचार मोठमोठ्या नावांच्या घरांतही मला दिसत नाही.

कॉर्बुझिएने 1938-39 मध्ये तिला न विचारता तिथे चित्रं काढली. तिने भिंती मोकळ्या ठेवल्या होत्या त्या विचार करून, त्यामुळे तिला ती नासधूसच वाटली आणि माझ्या मते ती होतीच, चित्रकार कितीही थोर असो. पुढे कित्येक वर्षं लोक हे घरसुद्धा त्याचंच किंवा बादोविचीचं समजत राहिले. शेजारचं कॉर्बुझिएचं लाकडी खोपटं 2016 मध्ये आपल्या चंडीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्ससोबत युनेस्कोच्या यादीत गेलं, ती यादी त्याच्या कामाची असल्याने हे घर त्यात नाही, ते ठीक, पण आपण लिहिताना तरी घर जिचं तिच्या नावाने लिहूया ना.

दुरुस्तीनंतर आता ते बघायला खुलं आहे. प्लॅन आणि आतल्या फोटोंसकट फक्त ग्रेच्या कामावर एक पूर्ण पान द्याच, आर्किटेक्चरच्या पोरापोरींना फार उपयोग होईल.

– आपला एक नियमित वाचक, पुणे