मोंढ्यातल्या मुनीमजींना आमच्या रिव्ह्यूत बसवणाऱ्या ताईंना, जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, चहा पाजा" म्हणून विषय तोडता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलो. नाव टाकत नाही, तुम्हाला ते चालणार नाही, पण दोन ओळी वाचल्या की तुम्हाला कळंलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लातूरला आमची छोटी टीम हाय, आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो, म्हणजे मोंढ्यात माल आला की वजन, सौद्यात निघालेला भाव, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी. ताई मूळच्या उदगीरच्या, पुण्यात आयटीत स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रम नावाच्या पद्धतीनं काम करायला शिकवणाऱ्या. वडिलांच्या ऑपरेशनमुळं काही दिवस गावाकडूनच काम करायल्या होत्या आणि स्वतःचं काम सांभाळून, एसटीनं लातूरला येऊन आमच्यात बसायच्या. ओळख काय तर माझ्या बहिणीची मैत्रीण, बास. एक रुपया घेतला नाही.

तसं एजाइल, म्हणजे थोडं थोडं करून दाखवत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, आमच्याकडं आधीपासून होतं बरं का. भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या होत्या, आणि रोज सकाळी आमच्या कंपनीचे मालक सगळ्यांना उभं करून एकेकाला विचारायचे, काल काय केलं, आज काय करणार, अडलंय काय, आणि त्यात पाऊण तास जायचा, पाय दुखायचे ते वेगळंच. तुम्ही त्यावर भाषण दिलं नाही. निस्तं स्क्रम गाइड, म्हणजे एजाइलमधल्याच स्क्रम पद्धतीचं नियमांचं पुस्तक, उघडून मालकांपुढं ठेवलं, म्हणलं वाचा, 13 पानंच हायत, फुकट मिळतं. नोव्हेंबर 2020 च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढूनच टाकलेत हे मालकांना तिथं कळलं, आणि ती 15 मिनिटं काम करणाऱ्यांनी आपापसात बोलायची असतात, स्प्रिंटच्या, म्हणजे दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या, गोलकडं जायलो का नाही ते बघायला, साहेबाला रिपोर्ट द्यायला नव्हं, हेही. मालक दुसऱ्या दिवशीपासून त्या वेळात खाली चहा प्यायला जायला लागले. हे तुम्ही कसं जमवलं ते मला अजून समजलं नाही, आम्ही बोललो असतो तर भांडण झालं असतं.

पण मला खरे आभार मानायचेत ते मुनीमजींसाठी.

आमचा प्लॅन असा होता की पावसाळाभर सॉफ्टवेअर करायचं आणि ऑक्टोबरात नवा सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर दुकानात नेऊन बसवायचं. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली पोरं आम्ही, वर्षभर घासायचं आणि शेवटी एकदाच पेपर द्यायचा. तुम्ही पहिल्याच प्लॅनिंगला विचारलं, हे वापरणार कोण? म्हणलं, मुनीम. मग म्हणला, दोन आठवड्यांनी जे चालू अवस्थेत असंल ते रिव्ह्यूत त्यांना दाखवायचं, अर्धं असलं तरी, पण जेवढं असंल तेवढं खरं चालायला पाहिजे. आमच्यातल्या एकानं विचारलं बी, ताई, लाज वाटंल की वो. तुम्ही हसला निस्तं.

मुनीमजी आले. चष्मा कपाळावर, वही काखेत. आमच्या पोरांनी रिपोर्टचे रंगीत ग्राफ दाखवायला सुरुवात केली तर तुम्ही लॅपटॉप सरळ त्यांच्याकडं फिरवला आणि म्हणलं, काका, कालची एक पट्टी यात करून बघा बरं, रिव्ह्यू म्हणजे प्रेझेंटेशन नव्हं. त्यांनी शेतकऱ्याचं नाव टाकलं, कट्टे टाकले, वजन, भाव टाकला, हमाली-तोलाई वजा झाली, आणि मग ते थांबले. "उचल कुठं वळती करायची?" सगळे गप. पेरणीच्या टायमाला शेतकरी आडत्याकडून पैसे उचलतो आणि माल आला की त्या पट्टीतून ते कापले जातात, कधी पूर्ण, कधी थोडे, कधी एका भावाच्या नावावरची उचल दुसऱ्या भावाच्या पट्टीतून, आणि हे सगळं मुनीमजींच्या वहीत होतं, आमच्या रिक्वायरमेंटच्या जाड फाइलीत एका ओळीत बी नव्हतं, कारण फाइल करताना दुकानाच्या मालकाला विचारलं होतं आणि त्यांच्या हिशोबानं ती गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच, ती तर असतेच. हे ऑक्टोबरात, दुकानापुढं ट्रॅक्टरांची लाइन लागलेली असताना कळलं असतं तर काय झालं असतं, सांगा. तिथंच बसून बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम बदलला, उचल वर गेली, ग्राफ पार तळाला गेले. ते अजून तळालाच हायत आणि एकाही मुनीमानं मागितले नाहीत.

त्यानंतर मुनीमजी दर रिव्ह्यूला यायला लागले. एकदा तर स्वतःचा जुना मोबाइल घेऊन आले, म्हणले मोंढ्यात गर्दीच्या टायमाला नेट नसतं, यावर नेट बंद करून चालतंय का बघा. तेव्हापासून "झालं" कधी म्हणायचं याच्या आमच्या यादीत ती अट हाय, जुन्या मोबाइलवर, नेट बंद करून, पट्टी निघाली पाहिजे. ही यादी, म्हणजे डेफिनिशन ऑफ डन, पुस्तकातून उचलली असती तर हे सुचलं नसतं.

दुसरं म्हणजे मालकांचे रात्री अकराचे व्हॉट्सॲप. "अर्जंट, उद्या पाहिजे." ते तुम्ही बंद करायला सांगितलं नाही, हे मला लई पटलं. म्हणलात, मेसेज येऊ द्या, बॅकलॉगात टाका, पुढं कशाला नंबर द्यायचा ते तुमचं मालक, पण चालू स्प्रिंटचा गोल मोडंल असा बदल मधी घुसवायचा नाही. अगदीच गोलला अर्थ उरला नाही तर स्प्रिंट रद्द करायचा हक्क बी तुमचाच. मालकांनी अजून तो हक्क वापरला नाही. काम केवढं मोठं याच्या अंदाजाला आम्ही जे पॉइंट देतो त्यांचे तास करून द्या म्हणून त्यांचा हट्ट होता, तर ते स्टोरी पॉइंट स्क्रम गाइडमध्ये कुठंच नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि आमच्यातल्या त्या शहाण्याचं, जो "एजाइल हाय ना, डॉक्युमेंट कशाला लिहायचं" म्हणायचा, त्याचं तोंड बी तुम्हीच बंद केलं. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी बसून एजाइलचा जो मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा, लिहिला त्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त महत्त्व दिलंय, पण डॉक्युमेंटला किंमत नाही असं कुठं लिहिलंय, दाखव म्हणला. आता उचलीचे नियम तोच लिहितो. बरं लिहितो, खोटं कशाला बोलू.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. सीझनमध्ये दुकानांचे फोन सांभाळणारी दोघं बी स्प्रिंटमध्येच बसवावीत असं तुमचं म्हणणं होतं. मोंढ्यातून कधी काय फोन येईल त्याचं प्लॅनिंग कोण करणार वो? त्या दोघांसाठी कानबान लावलं, टोयोटात ताइइची ओनोंनी कारखान्यासाठी बसवलेली पद्धत, एकाच्या हातात एका टायमाला दोनपेक्षा जास्त तक्रारी नाहीत, एक संपली की दुसरी ओढायची. चांगलं चाललंय. तुम्ही आलात की यावर भांडू, तुम्हाला पटायचं नाही हे माहीत हाय मला.

आता सोयाबीनची आवक सुरू झालीय, दुकानात पट्ट्या निघायल्यात, मुनीमजींची वही अजून शेजारी उघडीच असते आणि रोज संध्याकाळी ते दोन्हीचा ताळा जमवतात. जमतोय. त्यांनी विचारलंय, "त्या उदगीरच्या बाई कधी येणार?" तर दिवाळीला गावाकडं याल तेव्हा एक दिवस लातूरला काढा. रिव्ह्यू त्याच आठवड्यात ठेवतो, आणि चहा मालक पाजणार हायत.

तुमचा,
सकाळी उभं राहून पाय दुखणाऱ्यांतला एक