चष्म्याच्या डबीसोबत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मामाच्या हातून चष्म्याची डबी पाठवतेय. आधी चष्मा लाव आणि मग हे पत्र वाच. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस. आणि एवढं सगळं टाइप करून तुला त्याच मोबाइलवर वाचायला लावणं माझ्या जिवावर आलं.

पहिल्यांदा माझी चूक सांगते. दिवाळीनंतर तुझ्या वह्या अर्ध्या कोऱ्या दिसायला लागल्या. फळ्यावरचं उतरवून घेत नाहीस म्हणून मी तुला दोनदा बोलले, एकदा तर पाहुण्यांसमोर. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. तुला फळा दिसतच नव्हता रे. डॉक्टरांच्या खुर्चीत तू तिसऱ्या ओळीवर अडकलास, अंदाजाने अक्षरं सांगायला लागलास, तेव्हा मला ते बोलणं आठवलं आणि पोटात कालवलं. उजव्याला उणे सव्वा, डाव्याला उणे दीड. एवढा नंबर एका रात्रीत येत नाही. किती महिने तू शेजारच्याच्या वहीत बघून लिहीत होतास, आणि मी तुला आळशी ठरवत होते. चुकले मी.

तू आजोळी निघायच्या आधी नव्या शर्टाचं माप घेतलं, आठवतं? अठरा वर्षं मी लोकांची मापं घेतेय. जुना शर्ट घालून तुला आरशासमोर उभा केलं, तर शर्टाची मागची कड वर ओढलेली, पुढची खाली लोंबतेय, आणि कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहिलेली. हे फिटिंग मला चांगलं ओळखीचं आहे. पोक आलेल्या आजोबांचे शर्ट असे बसतात. पाठ गोल झाली की मागे कापड जास्त लागतं, पुढे कमी. बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर ते बघून माझ्या हातातला टेप तसाच राहिला. "ताठ उभा राहा" म्हटलं, तू राहिलास, आणि शर्ट बरोब्बर जागेवर बसला. जरा वेळाने खांदे परत पुढे आले. पण सांगितल्यावर सरळ होता येतंय, म्हणजे अजून सवयच बिघडलीय, हाड नाही. त्यानेच मला धीर आला.

डोकं साधारण पाच किलोचं असतं. मान सरळ असली की तेवढंच वजन मणक्यावर येतं. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने 2014 साली गणित मांडलं होतं, की मान साठ अंशांत खाली वाकवली तर मणक्यावरचा भार सुमारे 27 किलो होतो. आपला भरलेला सिलिंडर जवळजवळ तेवढाच. ते संगणकावर केलेलं गणित आहे, खऱ्या मुलांवर मोजलेलं नाही, पण मला ते पटायला कुणा सर्जनची गरज नाही. लग्नसराईत दिवसभर मशिनवर वाकले की रात्री मान कशी आखडते ते मी जाणते. तू तर पलंगावर आडवा पडून, हनुवटी छातीला टेकवून दोन-दोन तास मोबाइल बघतोस.

आता डोळ्यांचं. तुझ्या डोळ्यांत थेंब घालून तुला बाहेर बसवलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी मला समजावलं. मोठ्या माणसाचा बुबुळासकट अख्खा डोळा पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. वाढत्या वयात तो गरजेपेक्षा जास्त लांब झाला की चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच पडतं, म्हणून लांबचं धूसर. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर. आमच्या टेपवर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या सुताचाही तिसरा हिस्सा म्हणजे एक मिलिमीटर! कापडात एवढा फरक मी सोडून देते. डोळ्यात तो सोडता येत नाही. वाढलेली लांबी परत कमी होत नाही, आणि अंगाची वाढ चालू असेपर्यंत नंबर पुढे सरकू शकतो. नंबर फारच वाढला तर मोठेपणी डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोकाही वाढतो. तुला घाबरवत नाही, पण तू आता सातवी पास आहेस, खरं ते तुला कळायला हवं.

मला वाटलं होतं डॉक्टर नुसतं "मोबाइल बंद करा" म्हणतील. त्यांनी विचारलं, "हा बाहेर किती वेळ खेळतो?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी एका पाहणीचं सांगितलं. 2008 साली ती छापून आली. त्यात सिडनी आणि सिंगापूरमधली सहा-सात वर्षांची, चिनी वंशाचीच मुलं तपासली. सिंगापूरमध्ये शंभरात 29 मुलांना लांबचं दिसत नव्हतं, सिडनीत जेमतेम तिघांना. आणि सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्तच वाचत होती! फरक मोठा होता तो बाहेर असण्याचा. सिडनीची मुलं आठवड्याला जवळजवळ 14 तास बाहेर, सिंगापूरची तीन तास. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड बाहेरच्या सावलीतल्या उजेडापुढेही काहीच नाही. मोकळ्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात एक रसायन सुटतं आणि ते डोळ्याची लांबी वाढणं रोखतं, असं मानतात. तैवानने तर 2010 पासून शाळांतल्या मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच सुरू केला.

हे ऐकल्यावर मी हिशोब केला. तू दुसरीत असताना शाळा बंद झाल्या आणि माझाच पाच इंची मोबाइल तुझा वर्ग झाला. त्याला इलाज नव्हता. पण शाळा उघडल्यावरही तो मी तुझ्याकडेच राहू दिला, कारण तू शांत बसायचास आणि माझं काम उरकायचं. शाळेतून ट्यूशन, ट्यूशनवरून घर, घरी पलंग. दिवसभरात तुझ्या अंगावर ऊन कधी पडत होतं?

म्हणून मी मोबाइल हिसकावून घेणार नाही. मला तुझे रोजचे दोन तास हवेत, उजेडातले. तिथे काय करायचं ते तू ठरव. क्रिकेट खेळ, नाहीतर आंब्याखाली बसून राहा. संध्याकाळची ट्यूशन मी सकाळी करून घेतलीय, सरांशी बोलले. तुझं टेबल खिडकीपाशी आणलंय. वीस मिनिटं वाचलं की वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. टेपने मोजलं मी, खिडकीतून समोरचा चाफा बरोबर वीस फुटांवर येतो. टक लावून बघताना आपण पापण्या फारच कमी लववतो, म्हणून रात्री तुझे डोळे चुरचुरतात, तेही कमी होईल. आणि पलंगावर मोबाइल कुणीच न्यायचा नाही. मीही ब्लाउजचे गळे पडल्या पडल्या बघत बसते, ते बंद.

आजी म्हणेल, चष्मा सारखा लावू नको, नंबर वाढतो. तिला प्रेमाने सांग की तसं नसतं. गाजरं देईल ती खा, पण नंबर त्याने उतरत नाही. दुकानदार निळा उजेड अडवणारी काच घ्या म्हणत होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, 2023 साली सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्या काचेने डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं दिसलं नाही. ते पैसे वाचले, त्यात तुझ्यासाठी चेंडू आणि बॅटची नवी ग्रिप घेतलीय. मामाच्या पिशवीत आहे.

डबीतला पुसायचा कपडा तुझ्या जुन्या शर्टाचा आहे, धुऊन मऊ झालेला. काच त्यानेच पुसत जा, अंगातल्या टी-शर्टने नको. चष्मा नाकावर टोचला तर कळव.

शर्टाचं कापड अजून कापलेलं नाही. घडी करून मशिनवर ठेवलंय. जूनमध्ये आलास की परत माप घेईन, मग बेतेन.

तुझी,
आई