सीलंटची नळी शेवटी उघड

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पाऊस पडून गेला की डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली, टपाच्या आतल्या कापडावर पिवळे डाग आणि मागच्या दाराजवळ कुबट वास, ही तुझ्या व्हॅनची तक्रार. या बहुधा तीन वेगवेगळ्या गळत्या आहेत, एका औषधाने जाणार नाहीत. सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लुकणाच्या, दोन नळ्या आणून ठेवल्या आहेस म्हणतोस, त्या आधी कपाटात टाक. नळी उघडायचं काम सगळ्यात शेवटी.

पाणी पावसाचंच आहे ना, याची खात्री कर. पांढऱ्या टिश्यूने ओल टिपून घे. रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं निघालं तर तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. साबणासारखा वास आला आणि तुझ्या व्हॅनला मागच्या काचेवर पाणी उडवणारा वॉशर असेल, तर त्याची नळी बघ. ती बऱ्याचदा टपाच्या लायनिंगमधून, म्हणजे आतल्या अस्तरामागून, जाते आणि दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटते. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर स्वच्छ पाणी आलं तर एसीच्या निचऱ्याची नळी तुंबली आहे. गाडीत कोणी झोपलं असेल, तर सकाळी उघड्या पत्र्यावर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर सगळीकडे सारखेच थेंब दिसतात. ती श्वासाची वाफ असते, गळती नव्हे. तळाच्या ओलीबद्दल शंका राहिली तर कोरड्या पत्र्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेव. ओल त्याच्या वर साचली तर पाणी वरून येतंय, खाली आली तर तळाच्या सांध्यातून किंवा ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी बुचातून.

मग गाडी पूर्ण कोरडी कर. नुसती मॅट उन्हात टाकून भागत नाही. तिच्याखालचा जाड फोम स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. वरून हाताला कोरडा लागतो आणि खालून पत्रा कुजवत असतो. तो बाहेरच काढायला हवा. सीट सोडवावी लागली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढ आणि काही मिनिटं थांब, कारण सीटखाली एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या वायरी असू शकतात. काही व्हॅनमध्ये फ्यूज बॉक्सही तिथेच असतो. तो ओला झालेला दिसला तर गळतीच्या आधी त्याच्याकडे बघ.

पाणी जिथे दिसतं तिथून ते क्वचितच आत आलेलं असतं. टपाच्या आतल्या पट्ट्यांवरून, वायरींवरून, लायनिंगच्या पाठीवरून ते हातभर लांब जाऊन ठिबकतं. त्याची चाल ओळखायला काही खुणा आहेत. ब्रेक मारल्यावर पुढे थेंब पडले, तर टपाच्या पोकळीत साठलेलं पाणी पुढे धावतंय. उभ्या गाडीत कोरडं आणि वेगात ओलं, असं असेल तर वाऱ्याच्या दाबाने पाणी शिरतंय; तेव्हा पुढच्या काचेची कड आणि दाराचं वरचं रबर तपास. गाडी नाकाने खाली उताराला लावल्यावर ओलीची जागा बदलली, तर उगम त्यापेक्षा वर कुठेतरी आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. साधा पाण्याचा पाइप घे, तोंडाला नोझल नको. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. पाऊस जिथे कधी शिरत नाही तिथेही तो पाणी घुसवतो आणि नसलेल्या गळत्या दाखवतो. आतली लायनिंग आणि पॅनल उतरव, संशयित सांध्यांच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुर, एकाला टॉर्च देऊन आत बसव. बाहेरून सुरुवात खालून कर: आधी उंबरठ्याची पातळी, मग दाराच्या कडा, मग काचा, शेवटी टप. एका जागी ५ ते १० मिनिटं पाणी सोडत राहा, मगच वर सरक. वरून सुरुवात केलीस तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला की बाहेरून त्या सांध्यावर रुंद चिकटपट्टी लाव, आतलं पुसून कोरडं कर आणि पुन्हा पाणी सोड. थेंब थांबला तर जागा पक्की. हा पडताळा टाळू नकोस. निम्मं सीलंट चुकीच्या जागी वाया जातं ते इथेच.

पाण्याने सापडलं नाही तर साबण वापर. सगळ्या काचा बंद कर, ब्लोअर (एसी-हीटरचा पंखा) बाहेरच्या हवेवर आणि पूर्ण वेगावर लाव, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या मागच्या झडपा चिकटपट्टीने बंद कर. आतला दाब थोडा वाढतो. मग बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी सांध्यांवर फिरव. फट असेल तिथे बुडबुडे येतात.

डाव्या पायाच्या ओलीसाठी माझा पहिला संशय वायपरखालच्या चॅनलवर. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. पाला कुजून ती भोकं बुजली की चॅनल भरतं आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. वायपर आणि जाळी काढ, पाला हाताने उचल, भोकात मऊ प्लास्टिकची नळी घाल. तारेने खुपसू नकोस. टोकाला रबरी तोटी असली तर ती फाटते.

दुसरा संशय दारावर. दाराच्या आत पाणी शिरणं हा दोष नव्हे, काच वरखाली होते त्या फटीतून ते येणारच. म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात आणि आतल्या पॅनलमागे प्लास्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसवताना कोणीतरी तो फाडलेला असतो, किंवा त्याचा डिंक सुटलेला असतो. मग पाणी पडद्याबाहेरून ओघळून उंबरठ्याच्या आत उतरतं. नवा पडदा जाड पॉलिथिनचा काप आणि ब्युटाइलच्या, म्हणजे चिकट मऊ रबराच्या, दोरीने चिकटव. त्याची खालची कड दाराच्या खाचेत आतल्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे पाणी पुन्हा दारातच पडेल. भोकं मोकळी कर आणि त्यांना सीलंट कधीही लावू नकोस. अडलेलं पाणी गळक्या सांध्यापेक्षा जास्त पत्रा खातं.

टपाच्या कापडावरच्या डागांसाठी टपाच्या कडेच्या पन्हळीतला जोड बघ. तिथलं कारखान्याचं सीलंट जुनं झालं की कडक होतं, भेगाळतं, आणि केसाएवढ्या भेगेतही पाणी ओढलं जातं. टपावरच्या कॅरियरचे बोल्ट आणि अँटेनाचा पायाही सोडवून पाहा. मागच्या दिव्यांची गॅस्केटं, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर आणि सरकत्या दाराच्या रुळाचे बोल्ट ही किरकोळ मंडळी, पण कुबट वास बहुतेक त्यांचाच.

दाराच्या रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लाव आणि ओढ. जिथे सहज सुटते तिथे दाब कमी आहे. लगेच रबर बदलू नकोस. कुलूप अडकतं त्या खिट्टीच्या कडेने पेन्सिलची रेघ मार आणि ती १ ते २ मिलिमीटर आत सरकव. रबर आतल्या पत्र्याच्या कडेवरून निसटत असेल तर त्याची धातूची पकड प्लायरने हलकेच दाब. नवं रबर लावलंस तर त्याची टोकं खाली जुळव. रबरावर सिलिकॉन ग्रीस चालतं, पेट्रोलियमचं नाही. त्याने रबर फुगून ढिलं पडतं.

आता सीलंटची नळी उघड, पण आधी ती कुठली आहे ते बघ. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर पत्र्याला लावू नकोस. त्यातून सुटणारं आम्ल उघडा पत्रा गंजवतं, आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही. पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेन सीम सीलर, म्हणजे पत्र्याचे जोड बुजवायचं खास सीलंट, घे. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण काढ. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास, उरलेल्या खड्ड्यांत गंजरोधक लाव, मग इपॉक्सी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात दे. तो वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि ५ मिलिमीटर रुंद पट्टी एकाच ओघात सोड. ती हवेतल्या ओलाव्याने साधारण दिवसाला ३ मिलिमीटर आतपर्यंत पिकते, म्हणून जाड थर घाईत पाण्याखाली आणू नकोस. वरून रंग देच. ऊन लागलं की ते पिवळं पडतं आणि तडकतं.

बोल्ट आणि अँटेनाच्या पायाखाली ब्युटाइल टेप बरी. ती कडक होत नाही, बोल्ट आवळल्यावर चहूकडून बाहेर येते. ते जास्तीचं कापून टाक. सगळं बाहेरून कर. आतून बुजवलेलं भोक दिसायला बंद असतं, पण पाणी दोन पत्र्यांमध्ये अडकून राहतं.

पुढची काच रबरात बसवलेली असेल, तर रबराची ओठी प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने उचल आणि मॅस्टिक, म्हणजे न सुकणारं लुकण, काच व रबर, तसंच रबर व पत्रा, या दोन्ही फटींत भर. रबर कोपऱ्यांत आखडलेलं किंवा चिरलेलं असेल तर मॅस्टिक टिकणार नाही, रबरच बदलावं लागेल. चिकटवलेली काच असेल आणि तिच्या कडेखालून गंज डोकावत असेल, तर ती काढून पत्रा साफ करूनच पुन्हा बसवावी लागते. ते काम काचवाल्याकडे दे.

सगळं झाल्यावर पाइपची चाचणी पुन्हा त्याच क्रमाने कर. लायनिंग आणि फोम मात्र एक-दोन मोठे पाऊस होईपर्यंत परत बसवू नकोस. काचेचं काम निघालं तर रबराच्या चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो पाठव, म्हणजे बदलायचं की भरायचं ते सांगतो.

तुझा,
माधव