फीमाफीच्या तारखा पेपरात छापा, आमची वर्षभराची बचत वाचेल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरखर्च कमी कसा करायचा यावर लेख आला होता, लाईट वाचवा, यादी करून बाजारात जा, मुलांना पैशाचा हिशोब लिहायला लावा वगैरे. लेख चांगला होता, पण त्यातलं बरंचसं आमच्यासारख्या घरात आधीपासून चालूच असतं. मी कराडात घरीच ब्लाउज शिवते, मिस्टर एका दुकानात नोकरीला, घरात सासूबाई, लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि मुलगा अकरावीत. आमचं मोठं नुकसान लाईटमधे नाही झालं आणि बाजारात पण नाही, ते कॉलेजच्या फीमधे झालं, आणि तेही वेळेवर कुणी सांगितलं नाही म्हणून, त्यासाठीच हे पत्र.

2024 ला लेकीचं ऍडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून झालं. त्याच वर्षी जुलैमधे शासनाने जीआर काढला की वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आम्ही ओबीसी, आणि उत्पन्न 8 लाखांच्या जवळपाससुद्धा नाही. बातमी कानावर आली होती पण अर्धवट, कुणी म्हणायचं फक्त सरकारी कॉलेजला आहे, कुणी म्हणायचं पुढच्या वर्षीपासून. काउंटरवर विचारलं तर म्हणाले आत्ता पूर्ण भरा, फीमाफीचा फॉर्म मंजूर झाला की परत मिळेल. जागा पक्की करायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी, मागे भली मोठी लाईन, लेकीचा चेहरा उतरलेला, अशा वेळी कोण वाद घालत बसणार. मी बचत गटातून 40,000 उचलले, महिना दोन टक्क्यानी, आणि भरले. नंतर कळलं की पात्र मुलींकडून ही फी घेऊच नका असं शासनाचंच म्हणणं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, लेकीला तिथंच शिकायचंय. पैसे परत यायला नऊ महिने लागले. महिन्याला 800 प्रमाणे 7,200 रुपये नुसतं व्याज गेलं आणि ते कोणी परत देत नाही.

आता हे 7,200 आमच्या घरात म्हणजे किती ते सांगते. साधा जुना पंखा 75 वॅटचा असतो, मी शिवायला बसते ती खोली आणि सासूबाईंची खोली, उन्हाळ्यात दोन्हीकडे दिवसाचे पंधरा तास पंखा चालतो, म्हणजे महिन्याला एका पंख्याचे 33-34 युनिट. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, तेवढ्याच तासांना साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे 20 युनिट वाचले. आमच्या गल्लीत बरेच जण म्हणतात की 100 च्या वर एक युनिट गेलं तरी सगळं बिल महाग होतं, तसं नाहीये, पहिल्या 100 युनिटला पहिल्याच टप्प्याचा दर लागतो आणि 101 पासून पुढच्यांनाच वरचा. म्हणून जे वाचतं ते वरच्या महाग टप्प्यातलं वाचतं हे लक्षात घ्या. वहन आकार (वीज पोचवायचा खर्च) आणि वर 16 टक्के वीज शुल्क असं सगळं असतं, मी हिशोबाला युनिटचे बाराच रुपये धरले तरी दोन पंख्यांचे महिन्याला 480 झाले. म्हणजे ते 7,200 भरून निघायला पंधरा महिने, आणि हिवाळ्यात तर पंखे बंदच असतात, तेव्हा दोन उन्हाळे तरी सहज जातात. दोन पंखे घ्यायला मी एक एक करून पैसे साठवले, एक मागच्या वर्षी एक यंदा, आणि त्या दोन पंख्यांची सगळी कमाई एका काउंटरवरच्या पाच मिनिटांत गेली.

गिझरचं पण सांगते, 2 किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. आम्ही चौघं एकामागून एक अंघोळ उरकतो, मधे बंद करून पुन्हा तापवत नाही. इस्त्री दिवसाआड एकदाच लावते, सगळे ब्लाउज साठवून. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं त्याचे महिन्याला 10 रुपये कमी होतात, वर्षाचे 120, हे तर फुकटचंच आहे, ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करा. सोलरचं माझ्या भावाने केलं, सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे, पण त्याला स्वतःचं छप्पर लागतं, आम्ही भाड्याने राहतो त्यामुळे ते आमच्या कामाचं नाही.

बाजाराचं म्हणाल तर आमच्या भागात बायका आधीपासूनच हुशार आहेत, त्यांना यादी करायला सांगायची गरज नाही. गहू ज्वारी एप्रिल-मे मधे वर्षाची भरायची, ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं किंवा कडुनिंबाचा पाला घालायचा, चटणी डंकावरून वर्षाची करून आणायची. विकतच्या पुडीपेक्षा ती स्वस्त तर पडतेच, पण त्यात काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. फक्त एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली ती लिहिते. तेलाची पिशवी आपण एक लिटरचीच समजून उचलतो, एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. हल्ली 800, 850 ग्रॅमच्या पण पिशव्या येतात आणि दिसायला तेवढ्याच दिसतात. समजा 850 ची 150 ला आहे आणि 910 ची 156 ला, तर हात 150 वाल्याकडे जातो, पण 100 ग्रॅमचा भाव काढला तर पहिली 17 रुपये 65 पैशाला पडते आणि दुसरी 17 रुपये 14 पैशाला. हा हिशोब दुकानात उभं राहून करायची पण गरज नाही, पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तोच बघायचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असंही नाही, शॅम्पूच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, शॅम्पूवरचा जीएसटी 18 चा 5 टक्के झालाय, तर जुन्या एमआरपीचं पाकीट कुणी दिलं तर विचारायला लाजू नका. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून जनऔषधी दुकानातून घेतो, त्यात भरपूर फरक पडतो.

लेकीचं पुण्यातलं पण तसंच. कॉट बेसिसवर तिघींत खोली, सकाळी मेस आणि रात्री जमेल तेव्हा मुगाची खिचडी, मी दर खेपेला मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी देते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून ती एसटीनेच येते. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून सेकंडहॅण्ड आणि सेमिस्टर संपली की परत तिथंच देऊन टाकायची. पोरगी काटकसरीने राहते, कधी काही मागत नाही, म्हणून मला तिच्या फीच्या व्याजाचं जास्त वाईट वाटतं.

आणि फीमाफीचं हे काम एकदाचं नाही, दर वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर फॉर्म रिन्यू करावा लागतो. दुसऱ्या वर्षी लेकीचं आधार एका जुन्या बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं, ते आम्हाला अडकल्यावर कळलं, मग बँकेत हेलपाटे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, ओबीसीला लागणाऱ्या नॉन क्रिमीलेअर दाखल्यावर पण तारीख असते, ऍडमिशन असतं पावसाळ्यात, आणि दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात त्याच वेळी सगळ्यांची झुंबड. एप्रिलमधेच दाखले काढून ठेवले असते तर किती सोपं गेलं असतं. बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, आमच्या शेजारच्या शेतकरी घरातल्या मुलाला हे नावच माहीत नव्हतं, त्याचं पहिलं वर्ष तसंच गेलं. लेकीच्या कॉलेजात विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, तेसुद्धा तिला दुसऱ्या वर्षी मैत्रिणीकडून कळलं. रयत शिक्षण संस्था 1919 साली आमच्याच तालुक्यातल्या काले गावात सुरू झाली, कर्मवीर अण्णांनी गरिबाची पोरं कमवून शिकतील हे करून दाखवलं, त्या तालुक्यातल्या पोरीला ही योजना आपल्या कॉलेजात आहे हे वर्षभर कळू नये याचं मला फार दुःख आहे.

तर संपादक साहेब, माझी मागणी दोन ठिकाणी आहे. एक कॉलेजांना आणि शिक्षण खात्याला, की फी भरायच्या काउंटरवरच मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड लावा, कुठल्या मुलींकडून कुठली फी घ्यायची नाही, कागद कुठले लागतात आणि घेतली तर तक्रार कुणाकडे करायची. काउंटरवर, कारण वेबसाईटवर आहे म्हणून सांगतात पण आमच्यासारख्या आईबापांना ती वेबसाईट उघडून वाचता येत नाही. आणि दुसरी तुम्हाला. तुमचा पेपर गावागावात जातो, सोन्याचा भाव तुम्ही रोज छापता, तसा महिन्यातून एकदा छोटा कोपरा द्या, या महिन्यात कुठला दाखला काढायचा, महाडीबीटीचा फॉर्म कधी सुरू, कधी बंद, मुदतवाढ झाली का, खातं आधारला जोडलंय का ते कसं बघायचं. एवढंच, चार ओळीत. पहिला कोपरा मार्च संपायच्या आत आला तर यंदा दहावी बारावीला असलेल्या मुलांच्या घरी तो कापून ठेवता येईल. आमच्या बचत गटात सोळा बायका आहेत, सहा जणींची मुलं पुढच्या दोन वर्षांत कॉलेजला जाणार आहेत. तोवर आम्ही एका वहीत तारखा लिहून ठेवायला सुरुवात केली आहे, तुम्हाला हवी असेल तर वही पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक, कराड